दुर्बिणीच्या आरशाला झिलई देणारे सिरियम ऑक्साइड: ते काचेवर नेमके काय करते?

प्रश्न

गेले काही आठवडे मी घरीच सहा इंची दुर्बिणीचा आरसा घासत आहे. 80 नंबरच्या भरड कार्बोरंडमपासून (सिलिकॉन कार्बाइडच्या कठीण पुडीपासून) सुरुवात करून टप्प्याटप्प्याने बारीक पूड वापरली, तरी काच दुधाळच राहिली. पिचच्या (डांबरासारख्या मऊ राळेच्या) थाळीवर सिरियम ऑक्साइडचे फिकट गुलाबी चूर्ण पाण्यात कालवून घासायला घेतले, तेव्हा मात्र तासाभरात आरशाच्या मध्यभागी खोलीतल्या दिव्याचे प्रतिबिंब उमटू लागले. तो क्षण मी विसरणार नाही. कार्बोरंडम कितीतरी अधिक कठीण असूनही त्याला जे साधले नाही, ते या चूर्णाला कसे साधते? आणि सिरियम दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांपैकी असेल, तर काचकाम करणाऱ्यांकडे ते सर्रास कसे आढळते?

प्रतिसाद 1

कार्बोरंडमचा टोकदार कण काचेचे टवके उडवतो. पूड बारीक केली की टवके लहान होतात, पण खड्डे उरतातच. सिरियम ऑक्साइडची कठीणता काचेच्या जवळपासची असल्याने ते काच ओरबाडत नाही. त्याचे काम बऱ्याच अंशी रासायनिक आहे. पाण्यामुळे काचेचा अगदी वरचा, अतिसूक्ष्म थर मऊ पडतो, चूर्णाच्या कणावरचा ऑक्सिजन काचेतल्या सिलिकॉनशी तात्पुरता बंध जोडतो आणि कण पुढे सरकताना तेवढी सिलिका (काचेचा मुख्य घटक) सोबत घेऊन जातो. मऊ पिचमध्ये कण रुतून बसत असल्यामुळे ते काचेवर उड्या मारत नाहीत, हेही तितकेच महत्त्वाचे. म्हणूनच पाण्याशिवाय ही झिलई नीट येत नाही.

सिरियम (अणुक्रमांक 58) कधी तीन, तर कधी चार इलेक्ट्रॉन सहज देते. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. भूकवचात ते टनामागे सुमारे 60 ग्रॅम, म्हणजे जवळपास तांब्याइतके आहे. दुर्मीळ हे नाव या गटाला पडले ते त्यांची खनिजे सुरुवातीला क्वचित सापडली आणि ही मूलद्रव्ये एकमेकांपासून वेगळी करणे अत्यंत जिकिरीचे ठरले म्हणून. सिरियम मात्र चार संयुजेच्या, म्हणजे चार इलेक्ट्रॉन दिलेल्या, अवस्थेत नेता येत असल्याने आपल्या भावंडांतून तुलनेने सहज बाजूला काढता येते. 1803 मध्ये स्वीडनमध्ये बर्झेलियस व हिसिंगर यांनी आणि जर्मनीत क्लाप्रोथ यांनी स्वतंत्रपणे ते ओळखले. 1801 मध्ये सापडलेल्या सेरेस या लघुग्रहावरून त्याला नाव मिळाले. आकाशनिरीक्षकाच्या आरशावर सेरेसच्या नावाचे चूर्ण चालावे, हे मला फार सुंदर वाटते.

प्रतिसाद 2

वरील स्पष्टीकरण योग्यच आहे. संयुजा बदलण्याच्या याच गुणामुळे मोटारीच्या धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकात सिरियम ऑक्साइड घालतात: धुरात ऑक्सिजन जास्त असताना ते साठवून ठेवते आणि कमी पडला की परत देते, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचे ज्वलन पूर्ण होते.

मात्र सिरियमचे सगळे उपयोग या एका गुणात बसवू नयेत. लायटरमधला ठिणगी पाडणारा खडा हा लोखंड आणि सिरियमप्रधान मिश्रधातूचा असतो. घासताना सुटलेला त्याचा कण हवेत आपोआप पेट घेतो. हा खडा 1903 मध्ये तयार करणाऱ्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांचेच गॅसबत्तीचे मेंटलही (ज्योतीवर तापून उजळणारी जाळी) आहे. पूर्वी वरातीत डोक्यावरून मिरवत नेलेल्या गॅसबत्त्या ज्यांनी पाहिल्या, त्यांनी सिरियमचा प्रकाश पाहिला आहे: मेंटलमध्ये सुमारे 99 टक्के थोरियम ऑक्साइड आणि 1 टक्का सिरियम ऑक्साइड असे, आणि तो एक टक्का नसेल तर उजेड अगदी मंद पडतो. आजच्या पांढऱ्या एलईडी दिव्याच्या चिपवर बंद असताना दिसणारा पिवळा थरही बहुधा सिरियमयुक्तच असतो. तो चिपच्या निळ्या प्रकाशाचा काही भाग पिवळा करतो आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरे दिसतात.

आपल्या चूर्णाचा गुलाबी रंग मात्र सिरियमचा नव्हे. तो सोबत राहिलेल्या थोड्या प्रॅसिओडिमियमचा असतो. शुद्ध ऑक्साइड फिकट पिवळसर पांढरे असते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल आरशाच्या कडेजवळ एक लांब ओरखडा उठला, त्याचे कारणही आता कळले: कार्बोरंडमचा एखादा कण बादलीतून थाळीवर आला असणार. थाळीचा पृष्ठभाग खरवडून काढला आहे, बादली आणि फडके वेगळे केले आहे आणि उद्यापासून पुन्हा ताज्या चूर्णाने सुरुवात करतो.