‘जिज्ञासा’ दुसऱ्याच्या वतीने करता येते का?

प्रश्न :

मी नववी-दहावीला मराठी शिकवते. आमच्या शाळेच्या वार्षिक अहवालात एक वाक्य आहे : ‘विद्यार्थ्यांमध्ये जिज्ञासा निर्माण करण्यात आली.’ सहकारी बाईंचं म्हणणं, हे वाक्यच चुकीचं आहे, जिज्ञासा अशी कोणी निर्माण करत नसतं. मला जिज्ञासा आणि कुतूहल जवळपास एकच वाटतात, आणि कुतूहल तर आपण वर्गात रोज निर्माण करतो. दोन्हींत नक्की फरक काय? बोलता बोलता ‘दृष्टी तशी सृष्टी’ ही म्हणही निघाली. ज्ञान मिळवण्याच्या बाबतीत ती वापरावी का, यावरही जाणकारांनी लिहावं.

उत्तर :

ताई, तुमच्या सहकारी बाईंच्या बाजूने खुद्द पाणिनी उभा आहे.

‘जिज्ञासा’ हे ‘ज्ञा’ धातूच्या इच्छार्थक रूपावरून झालेलं नाम. धातूचं पहिलं अक्षर दोनदा येतं आणि पुढे ‘सन्’ प्रत्यय लागतो. पा वरून पिपासा, मुच् वरून मुमुक्षा, वच् वरून विवक्षा, भुज् वरून बुभुक्षा. पिण्याची, सुटण्याची, बोलण्याची, खाण्याची इच्छा. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण ज्या सूत्राने हा प्रत्यय लागतो त्यातला एक शब्द आपण वाचून पुढे जातो. सूत्र असं आहे : ‘धातोः कर्मणः समानकर्तृकादिच्छायां वा’ (अष्टाध्यायी ३.१.७). ‘समानकर्तृक’ म्हणजे ज्याला इच्छा आहे तो आणि ती क्रिया करणारा, दोघे एकच असले पाहिजेत. काशिकावृत्तीने, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरच्या जुन्या टीकेने, याचं उलट उदाहरण दिलंय : देवदत्ताने जेवावं अशी यज्ञदत्ताची इच्छा आहे. इच्छा आहे, जेवणंही आहे, पण इथे ‘सन्’ लागत नाही. यज्ञदत्ताच्या त्या इच्छेला बुभुक्षा म्हणता येत नाही.

हेच ‘ज्ञा’ला लावा. मुलांना कळावं अशी तुमची इच्छा असते. तिला मराठीत कळकळ म्हणतात, तळमळ म्हणतात, आणि ती फार मोलाची आहे. पण जिज्ञासा नव्हे. जिज्ञासा म्हणण्यासाठी जाणून घेणाऱ्याला स्वतःलाच ते हवं असावं लागतं.

आता कुतूहल. ते वस्तूकडून येतं. रस्त्यात गर्दी दिसली की कुतूहल वाटतं, काय झालं ते कळलं की संपतं. म्हणून ‘कुतूहल चाळवलं’, ‘कुतूहलापोटी डोकावलो’ असं आपण म्हणतो. जिज्ञासेबरोबर येणारी क्रियापदं तहानेची आहेत : जिज्ञासा भागवणं, शमवणं. तहान ज्याची त्याला लागते. अहवालात ‘जिज्ञासा जागी झाली’ किंवा ‘जिज्ञासेला वाव मिळाला’ असं लिहिलं तर मराठीही सुधारेल आणि व्याकरणही सांभाळलं जाईल. ‘करण्यात आली’ हा सरकारी कर्मणी प्रयोग तर काढाच. ज्या क्रियेत कर्त्याला एवढं महत्त्व आहे तिथेच तो कर्त्याला हाकलून देतो.

मला या शब्दाचं खरं महत्त्व याच्या पुढे वाटतं. आपल्या परंपरेतल्या दोन मोठ्या सूत्रग्रंथांच्या पहिल्याच सूत्रात हा शब्द आहे : मीमांसासूत्रांत ‘अथातो धर्मजिज्ञासा’ आणि ब्रह्मसूत्रांत ‘अथातो ब्रह्मजिज्ञासा’. धर्म म्हणजे अमुक, ब्रह्म म्हणजे तमुक, अशी व्याख्येने सुरुवात नाही. आधी जाणण्याची इच्छा, म्हणजे आधी ती इच्छा असणारा माणूस. ‘अथ’ म्हणजे ‘यानंतर’. पण कशानंतर? ब्रह्मसूत्रांवर भाष्य करताना शंकराचार्य म्हणतात, नित्य काय नि अनित्य काय याचा विवेक, इथल्या आणि परलोकातल्या भोगांबद्दल वैराग्य, शम-दम (मन आणि इंद्रियांवरचा ताबा) इत्यादी संपत्ती आणि मुमुक्षा, एवढं अंगी बाणल्यानंतर. रामानुजाचार्य म्हणतात, कर्माचा विचार पुरा झाल्यानंतर. एवढ्याशा शब्दापाशी दोघे वेगळे झाले, आणि वाद ब्रह्म कसं आहे याचा नाही. विचारणारा कोणत्या ठिकाणाहून निघालाय याचा आहे. जुन्या ग्रंथांत सुरुवातीलाच चार गोष्टी सांगायची रीत होती : विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. अधिकारी म्हणजे हे ज्ञान ज्याला हवं आहे आणि झेपेल असा माणूस. आज तो शब्द कलेक्टर कचेरीत जाऊन बसलाय, त्यामुळे हा अर्थ मुलांना मुद्दाम सांगावा लागतो.

शंका :

‘चिकित्सा’ आणि ‘मीमांसा’ हेही सन्नन्तच, म्हणजे ‘सन्’ लागून झालेलेच ना? वैद्य रोग्याची चिकित्सा करतो त्यात कसली इच्छा?

उत्तर :

बरोबर पकडलंत. ती दोन्ही रूपं इच्छेच्या सूत्राने होत नाहीत. त्याच्या अगोदरची दोन सूत्रं (३.१.५ आणि ३.१.६) ठरावीक धातूंना ‘सन्’ लावतात. ‘कित्’ला तो रोगावर इलाज करणं, संशय घेणं अशा अर्थांनी लागतो, इलाज ती चिकित्सा, संशय ती विचिकित्सा. मराठीने या दोन अर्थांची छान सरमिसळ केली. आपण ‘चिकित्सा’ म्हणतो तेव्हा औषधोपचारही असतो आणि बारकाईने तपासून पाहणंही. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढा काळ खपून महाभारताची जी आवृत्ती सिद्ध केली तिला ‘चिकित्सक आवृत्ती’ म्हणतात, आणि हस्तलिखितांतला प्रत्येक पाठ संशय घेऊन पाहिल्याशिवाय ते काम झालंच नसतं.

‘मान्’ धातूबद्दल मात्र गंमत आहे. त्याला ‘सन्’ कोणत्या अर्थी लागतो, हे सांगताना वैयाकरण ‘जिज्ञासायाम्’ असंच म्हणतात. म्हणजे मीमांसेचा अर्थ सांगायला त्यांना पुन्हा जिज्ञासेकडेच यावं लागलं.

आणखी एक :

शब्दांवर बोलताय म्हणून माझाही अनुभव सांगते. आमच्या घरी भाऊ खोदून खोदून विचारायचा तेव्हा मोठी माणसं म्हणायची, ‘पोरगं चौकस आहे.’ मी तेच विचारलं की ‘भोचक’. प्रश्न अगदी तेच असायचे. पाटाचं पाणी आपल्याकडे रात्रीच का येतं, सातबाऱ्यावर आईचं नाव का नाही. दुसऱ्या प्रश्नाला तर मार बसायचा बाकी राहिला होता. भावाला तो प्रश्न कधी पडलाच नाही, पडायचं कारणही नव्हतं. ‘चिकित्सक’चंही तसंच. अभ्यासात ‘चिकित्सक वृत्ती’ म्हणून कौतुक, आणि स्थळ बघायला आलेल्या मुलीने चार गोष्टी विचारल्या की ‘फार चिकित्सक आहे हो’ म्हणून नापसंती.

उत्तर :

ताई, तुम्ही समानकर्तृकाचं काशिकेतल्यापेक्षा चांगलं उदाहरण दिलंत. सातबाऱ्याचा प्रश्न तुमच्या जागी उभं राहिल्याशिवाय पडत नाही. कागद घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. तुमची नजर त्यावर नसलेल्या नावाकडे गेली.

याला ‘दृष्टिकोन’ म्हणावं की ‘भूमिका’ असा प्रश्न पुढे येईल म्हणून इथेच सांगतो. मला ‘भूमिका’ जास्त नेमका वाटतो, कारण त्यात पायाखालची भूमी आहे. ‘दृष्टिकोन’ही चालेल, फक्त लिहिताना ‘ष्टि’ ऱ्हस्व आणि शेवटी ‘न’. ‘दृष्टिकोण’ ही हिंदीची पद्धत.

प्रतिसाद :

मग ‘दृष्टी तशी सृष्टी’ हेच सिद्ध झालं की. ज्याची त्याची जागा, ज्याचं त्याचं ज्ञान. वस्तुनिष्ठ वगैरे काही नसतं.

उत्तर :

नाही, आणि इथे मी हट्टाने नाही म्हणणार आहे. ‘दृष्टी तशी सृष्टी’ ही म्हण स्वभावाबद्दल आहे. संशयी माणसाला सगळे चोर दिसतात, भल्याला सगळे भले दिसतात, अशा ठिकाणी ती शोभते. ज्ञानाला ती लावली की जिज्ञासा आणि ज्ञान यांतला फरकच पुसला जातो.

हा फरक शंकराचार्यांनी दोन शब्दांत मांडला आहे : पुरुषतंत्र आणि वस्तुतंत्र. जे करणं, न करणं, वेगळ्या रीतीने करणं माणसाच्या हाती आहे ते पुरुषतंत्र. ज्ञान तसं नाही, ते वस्तुतंत्र. त्यांचं उदाहरण खांबाचं आहे. अंधारात समोर काहीतरी उभं आहे. खांब असेल, माणूस असेल, आणखी काही असेल. पण तो खांबच असेल तर ‘खांब आहे’ हे एकच ज्ञान खरं. माझ्या इच्छेने तो माणूस होत नाही. अंधारात त्या वाटेने मी का निघालो, खांबाकडेच का पाहिलं, घाबरलो का, हे सगळं माझं. खांब माझा नाही.

मला जे म्हणायचंय ते एवढंच : प्रश्न माझा असतो, उत्तर माझं नसतं. आणि प्रश्न माझा आहे हे लपवल्याने उत्तर जास्त खरं होत नाही.

एक उदाहरण घेऊ, बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबींचं. १८७६ साली गोव्यात साखवाळ इथे जन्मलेला हा माणूस. शाळा फारशी नाही. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात बुद्धाचं एक छोटं चरित्र वाचनात आलं आणि हा धर्म मुळातून समजून घ्यायचाच, असं त्यांनी ठरवलं. १८९९च्या अखेरीस घर सोडलं. पुणे, काशी, नेपाळ करत सिलोनला पोचले आणि तिथे १९०२ साली दीक्षा घेऊन पाली शिकले. पुढे हार्वर्डला जाऊन ‘विसुद्धिमग्ग’ या पाली बौद्ध ग्रंथाच्या संपादनाचं काम केलं. इतकी पायपीट दुसऱ्याच्या प्रश्नासाठी होत नाही.

पण मला दाखवायची आहे ती पुढची गोष्ट. बुद्धाने घर का सोडलं? म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी दिसले म्हणून, ही कथा आपण सगळे ऐकतो. कोसंबी इथे थांबले. त्यांनी दाखवलं की दीघनिकाय या पाली ग्रंथातल्या महापदान सुत्तात (सुत्त म्हणजे बुद्धाचा उपदेश) ही कथा विपस्सी नावाच्या आधीच्या बुद्धाची म्हणून येते. आणि सुत्तनिपात या दुसऱ्या पाली ग्रंथातलं अत्तदण्ड सुत्त त्यांनी पुढे आणलं. तिथे बुद्धाचे स्वतःचे शब्द आहेत : ‘फन्दमानं पजं दिस्वा मच्छे अप्पोदके यथा’. थोड्या पाण्यातल्या माशांसारखी माणसं तडफडताहेत, एकमेकांच्या विरोधात उभी आहेत, हे पाहून मला भय वाटलं. कोसंबींनी हे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य (बुद्धाचं कुळ) आणि शेजारच्या कोलियांत होणाऱ्या भांडणांशी जोडलं.

त्यांची नजर याच ओळीवर का थांबली? मला वाटतं, त्यांच्या आयुष्याचा यात वाटा आहे. मिठाच्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले होते. माणसांनी शस्त्राशिवाय भांडणं कशी मिटवावीत, हा त्यांच्या काळाचा आणि त्यांचा स्वतःचा प्रश्न होता. ओळ ग्रंथात शतकानुशतकं होती. ती गृहत्यागाचं कारण म्हणून वाचायला असा माणूस लागला.

आता यातलं वस्तुतंत्र काय? सुत्तनिपात उघडा, ओळ तिथे आहे. महापदान सुत्त उघडा, कथा विपस्सीची आहे. कोसंबी तुम्हाला पटोत न पटोत, हे बदलत नाही. रोहिणीशी घातलेली सांगड हे अनुमान आहे, आणि ते नाकारायचं असेल तर त्याच ग्रंथांत जाऊन नाकारावं लागतं. ‘ते सत्याग्रही होते म्हणून त्यांना तसं दिसलं’ एवढ्यावर ते खोडलं जात नाही. कोण पाहतोय यावरून काय दिसलं ते तपासायचं सोडून देणं, ही आजकाल फार सोपी सवय झाली आहे आणि मला तिची खरोखर चीड येते.

जैन तर्कशास्त्रात यासाठी ‘नय’ शब्द आहे. एका बाजूने पाहून केलेलं विधान तो नय. दुसऱ्या बाजूंना नाकारलं की तोच दुर्नय होतो. शब्दांची आवड असलेल्यांनी सात नयांतले शेवटचे तीन नक्की वाचावेत, ते चक्क शब्दार्थाबद्दल आहेत. शब्दनय इंद्र, शक्र, पुरंदर हे एकाच अर्थाचे मानतो. समभिरूढनय म्हणतो, तसं नाही. ऐश्वर्यामुळे इंद्र, सामर्थ्यामुळे शक्र, शत्रूची पुरं फोडल्यामुळे पुरंदर. एवंभूतनय त्याहून कडक : पुरं फोडत असेल त्याच वेळी पुरंदर, एरवी नाही. शब्दकोश रचणारा यातला एक नय पत्करतो, कवी दुसरा, आणि दोघांचं काम त्यामुळेच होतं. कोशकाराने मात्र ‘कवी चुकतो’ म्हणू नये.

‘काविळीच्या डोळ्याला जग पिवळं’ यातली कावीळ वेगळी. तो पूर्वग्रह. तो घालवायचा असतो. जागा घालवता येत नाही, सांगता येते.

आणि ‘वस्तुनिष्ठ’ नसतंच म्हणालात म्हणून : हा शब्द आपण परीक्षेतल्या चार पर्यायांच्या प्रश्नांना देऊन बारीक करून ठेवलाय. वस्तूत ज्याची निष्ठा, म्हणजे जे वस्तूपाशी टिकून राहतं, ते वस्तुनिष्ठ. त्यासाठी पाहणाऱ्याने नाहीसं व्हावं लागत नाही.

प्रश्न :

पटलं. शेवटचं एक : ‘शुश्रूषा’ही याच घराण्यातला का? आणि वर्तमानपत्रांत ‘सुश्रुषा’ दिसतं ते?

उत्तर :

हो, ‘श्रु’ धातू, ऐकण्याची इच्छा. गुरूचं ऐकायला मिळावं म्हणून शिष्य त्याच्याजवळ राहायचा, त्याची सेवा करायचा; म्हणून संस्कृतातच त्याला ‘सेवा’ हा अर्थ आला. मराठीत पुढे तो आजाऱ्याच्या उशाशी गेला. तिथेही रोगी काय म्हणतोय ते नीट ऐकून घेणाऱ्यालाच ती जमते, तेव्हा मूळ अर्थ फार लांब गेला असं मला वाटत नाही. ‘सुश्रुषा’ चूक. दोन्ही ‘श’ शहामृगातले आणि ‘श्रू’ दीर्घ : शुश्रूषा.