कोल्डकटचा '७० मिनिट्स ऑफ मॅडनेस': सांधा कुठे आहे?

प्रश्न: कोल्डकट या ब्रिटिश डीजे जोडीचा १९९५ चा हा मिक्स (अनेक रेकॉर्ड एकमेकांत सलग मिसळलेले) आठवडाभर हेडफोनवर ऐकतोय. हिप-हॉपच्या संथ ठेक्यावर मान डोलत असते आणि बघता बघता जंगल (वेगवान ड्रमचं नृत्यसंगीत) सुरू झालेलं असतं. दोन रेकॉर्डचा सांधा काही केल्या सापडत नाही. करतात कसं?

प्रतिसाद १: खरी किमया दुगुनीत आहे. हिप-हॉप मिनिटाला साधारण ८५ ठोक्यांचं धरा, जंगल १७० च्या आसपास. लय दुप्पट झाली तरी सम तीच, म्हणून कानाला धक्का बसत नाही. मी घरी दोन टर्नटेबलवर हेच करून बघतो: पिच (रेकॉर्डचा वेग बदलणारी सरकपट्टी) अगदी केसभर सरकवायचा, बोट रेकॉर्डच्या कडेला हलकंच टेकवायचं, आणि दोन्ही रेकॉर्डमधले स्नेअर (ड्रमचे कडक ठोके) एकावर एक बसेपर्यंत श्वास रोखून धरायचा. बसले की अंगावर काटा येतो, अजूनही!

प्रतिसाद २: दोन टर्नटेबलच्या या कसबाचं मूळ डीजे कूल हर्ककडे जातं. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये तो एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती लावून ड्रमचा तुकडा लांबवायचा.

प्रश्नकर्ता: आत्ता परत लावला, फक्त स्नेअर मोजत. एक सांधा सापडला! आधी बेस हळूच काढून घेतलाय, मग नवा ठेका आत आलाय. खूप आभार.