मदत हवी आहे: कोल्हापुरात स्वच्छ ऊर्जेवर आंतरराष्ट्रीय परिषद, व्हिसा आणि तारखांचा घोळ

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. ऊर्जा धोरण आणि स्वच्छ ऊर्जा या विषयावर दोन दिवसांची आंतरराष्ट्रीय परिषद घ्यायचं व्यवस्थापनाने ठरवलंय आणि समन्वयकाची माळ माझ्या गळ्यात पडलीय. देशातल्या पाहुण्यांचं सगळं जमतं, परदेशी मंडळी मात्र पहिल्यांदाच येणार.

"पुण्यात घ्या की" हा सल्ला आधीच मिळालाय, तो कृपया नको. साखर कारखान्यातली बगॅसवरची (उसाच्या चिपाडावरची) वीजनिर्मिती म्हणजे को-जन, इथेनॉलची डिस्टिलरी, शाहू महाराजांनी काम सुरू केलेल्या राधानगरी धरणाचं वीजघर, शिवाय शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, एवढं सगळं पुण्यातल्या हॉटेलात बसून कसं दाखवणार? १ जानेवारी २०२६ पासून युरोपचा सीबॅम, म्हणजे आयात मालाच्या कार्बनवरचा कर, प्रत्यक्ष लागू झाल्याने फाउंड्रीवाले स्वतःहून विचारतायत. आणि धोरण बदललं की काय होतं ते ऐकायचं तर कारखानदारांकडूनच ऐकावं: डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये उठली. प्रस्तावित भाषणं मात्र बहुतेक २०७० च्या नेट झिरोवर. असो.

आता अडचणी.

तारीख: गाळप चालू असतानाच को-जन दाखवण्यात अर्थ आहे, म्हणजे डिसेंबर-जानेवारी. पण तेव्हाच लग्नसराई, पर्यटक आणि रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर. शिवाय गाळपात कारखाना पाहुण्यांना आत घेईल का?

व्हिसा: ई-कॉन्फरन्स व्हिसासाठी आयोजकाचं निमंत्रण, परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी आणि गृह मंत्रालयाची कार्यक्रम मंजुरी, असं वाचलंय. आधी काय करायचं? वक्त्यांची यादी पक्की नसताना अर्ज कसा करायचा?

पैसे: एक परदेशी संस्था प्रायोजक व्हायला तयार आहे. घ्यावे का?

जाणकारांनी कृपया सांगावं.

*

पंचगंगाकाठ: सर, वक्त्यांची यादी आधी गोठवा, नाव बदललं की कागद पुन्हा फिरतात. "टुरिस्ट व्हिसावर येतो" म्हणणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा. ज्यांचं जमत नाही त्यांना ऑनलाइन घ्या, त्यात कमीपणा काही नाही. आणि परदेशी पाहुणा मुक्कामाला उतरला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवायची असते (पूर्वीचा फॉर्म सी). कॉलेजच्या गेस्ट हाउसलाही हा नियम आहे, तिथंच सगळे विसरतात.

सांगलीकर काका: प्रायोजकाचे पैसे घेण्याआधी सीएला गाठा. नोंदणी शुल्क वेगळं आणि परदेशी संस्थेची मदत वेगळी, दुसरी एफसीआरएत, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात, अडकू शकते. आणि "सगळे पेपर स्कोपसमध्ये" (शोधनिबंधांची आंतरराष्ट्रीय सूची) अशी जाहिरात करू नका. प्रकाशकाशी लेखी करार होईपर्यंत त्याचा उच्चारही नको, नाहीतर लोक फी परत मागायला दारात उभे राहतील.

उसाचा फड: कारखान्यात काम केलंय म्हणून सांगतो. चीफ इंजिनिअरना भेटा, नुसतं पत्र पाठवून काही होत नाही. बॉयलर-टर्बाइन बघायला सकाळी या, पंधरा-वीसचा गट करा, हेल्मेट आणि बूट सक्तीचे. ऐन गाळपात ब्रेकडाउन झालं की भेट रद्द होणार हे धरून चला. राधानगरी त्याच दिवशी करू नका, रस्त्यातच जीव जाईल.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. काका, सीएंकडे उद्याच जातो. तारीख बहुतेक जानेवारीचा शेवट धरतोय. इंडिया एनर्जी वीक २०२४ ला आणि २०२६ ला गोव्यात झाला, पुन्हा तिथंच असेल तर त्याला येणाऱ्यांपैकी काही जण गाडीने इकडे येतील. एकच राहिलं: एक सत्र ऊस उत्पादक शेतकऱ्यांसोबत ठेवायचंय. इंग्रजी-मराठी दोन्हीकडून तोंडी भाषांतर करणारं, आणि को-जन, रिकव्हरी (साखर उतारा), एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) हे शब्द ज्याला समजावून सांगावे लागणार नाहीत असं कोणी माहितीत आहे का? मानधन देऊ. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल.