अनुभव धागा: दुचाकीच्या अपघातानंतरची वर्षं

माजघर:
काल पहिला पाऊस झाला. गेटसमोर एक मुलगा स्कूटरवरून घसरला. फार लागलं नाही त्याला, पण डांबरावर गाडी घासत गेल्याचा तो आवाज ऐकला आणि माझ्या हातातली दुधाची पिशवी सुटली. २००९ च्या जूनमध्ये खंबाटकी घाटात हाच आवाज ऐकला होता. डाव्या नडगीची दोन्ही हाडं मोडली. आत रॉड टाकला, हाड काही जुळेना. आठ महिन्यांनी कमरेचं हाड काढून तिथे लावलं तेव्हा कुठे जुळलं. पाय दीड सेंटिमीटर आखूड राहिला.

लोकांच्या लेखी प्लास्टर निघालं की अपघात संपला. १६ वर्षं झाली, मला अजून पाटावर मांडी घालता येत नाही. भाच्याच्या मुंजीत खुर्चीवर बसले तर एक काकू म्हणाल्या, "एवढ्यातच गुडघे गेले का गं?" सगळ्यांसमोर काय सांगणार? आखूड पायामुळे आता कंबरही दुखते. तुमचं काय काय मागे राहिलंय ते लिहा, कितीही जुनं असू दे.

रानवाटा:
उजवा हात. ब्रेकियल प्लेक्सस. खांद्यावर आपटलो, मानेतून हाताला येणाऱ्या नसा मुळातून तुटल्या. हाड मोडलेलं नसल्यामुळे "मग हात का हलत नाही?" हे शंभरदा ऐकलं. चार महिन्यांनी बरगड्यांमधल्या नसा दंडाकडे वळवून जोडल्या. नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. रोज सकाळी उठून आधी हाताकडे बघायचो. चौदाव्या महिन्यात कोपर जरासं वाकलं, आई देवापुढे जाऊन बसली ती तासभर उठली नाही. बोटं नाही आली. डाव्या हाताने लिहायला शिकलो, बँकेत सही बदलून घेतली. स्पर्श कळत नाही त्याच हाताची रात्री आग होते, हे घरच्यांनाही पटवून द्यावं लागलं.

शेवंती:
रानवाटा, माझ्या दिरांचं अगदी हेच!! रात्री हात उशाशी घेऊन बसून असतात. तुम्ही आगीसाठी कोणाला दाखवलं? व्यनि (खाजगी निरोप) करते. कुकर लावलाय, नंतर येते.

गवतीचहा:
माझं एकही हाड मोडलं नाही. हेल्मेट नव्हतं, डोकं मागून आपटलं आणि वास गेला. २०१४ पासून काहीच येत नाही. फोडणी करपली तर धूर दिसल्यावर कळतं. एकदा गॅस चालू राहिला होता, शेजारच्या आजी धावत आल्या म्हणून वाचलो. आता ओट्याजवळ गॅसचा अलार्म लावलाय. जेवणात तिखट, आंबट, खारट एवढंच कळतं. मुलगी झाली तेव्हा सगळे तिच्या टाळूचा वास घ्यायचे. मी पण नाक टेकवायचे.

माजघर:
गवतीचहा, काय लिहू गं. मिठी.

दोनचाक:
गाडी मी चालवत होतो, बायको मागे होती. मला ओरखडा नाही. तिचा खुबा निखळला, लगेच बसवला, पण दोन वर्षांनी कळलं की खुब्यातल्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठाच गेलाय. चौतिसाव्या वर्षी सांधा बदलावा लागला. ती मला एका शब्दाने बोललेली नाही. जिन्यावर मी तिच्या पुढे जात नाही, एवढंच करता येतं.

पैलतीर:
कोपराला मार लागलेल्यांनी कृपा करून तेल लावून चोळून घेऊ नका. माझ्या भावाचं कोपर प्लास्टर निघाल्यावर महिनाभर चोळून घेतलं, स्नायूतच हाड धरलं. घास तोंडापर्यंत जात नाही. व्यायाम फिजिओ सांगतील तेवढाच, तोही स्वतः हलवून. दुसऱ्याने जोर लावून नाही.

कागदपत्र:
दोन कामाच्या गोष्टी. अपंगत्वाच्या सवलतींसाठी प्रमाणपत्र किमान ४० टक्क्यांचं लागतं, नोंदणी यूडीआयडी या अपंगांच्या सरकारी ओळखपत्राच्या साइटवर ऑनलाइन होते. रानवाटा, तुम्ही केलंय ना? दुसरं, अपघाताच्या भरपाईच्या दाव्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने अपघातापासून ६ महिन्यांची मुदत घातली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. पेशंट खाटेवर असतानाच घरातल्या कोणीतरी वकील गाठा. आमच्याकडे "आधी बरा होऊ दे" म्हणण्यात दिवस गेले, फार मनस्ताप झाला.

रानवाटा:
कागदपत्र, हो, झालंय. आभार.

सांजवात:
विषयाला सोडून विचारते, गावाला भारतीय संडास आहे, घडीची कमोड खुर्ची एसटीतून नेता येते का कोणी नेली आहे? गुडघ्याची लिगामेंट, उकिडवं बसता येत नाही. चार वर्षं माहेरी मुक्कामाला गेले नाही याच एका कारणाने. कोणाला सांगितलंही नाही.

पैलतीर:
नेता येते. आमची पोत्यात बांधून मागच्या सीटखाली बसली. पायांची रबरं नीट बघून घ्या, ओल्या फरशीवर सरकते. जा तुम्ही माहेरी.

शेवंती:
आले परत. माजघर, चपलेचं काय करतेस? दिरांचा पाय पण किंचित आखूड आहे, बुटात चकती घातली की टाच बाहेर येते म्हणतात.

माजघर:
अगं, १ सेंटिमीटरच्या वर आत घालायचंच नाही. बाकीचं बाहेरून, तळाला. आमच्या कोपऱ्यावरचे चांभारकाका रबराचा थर चिकटवून वर शिवूनही देतात, नुसता चिकटवलेला पावसात सुटतो. दोन्ही पायांतले बूट घेऊन जायला सांग, आणि तिथेच घालून चार पावलं चालून बघायला सांग.