अनुभव धागा: तुमच्या प्रभागातलं, बोर्ड न लागलेलं काम

15 जानेवारी 2026 ला मतदान झालं आणि राज्यातल्या 29 महापालिकांना पुन्हा नगरसेवक मिळाले. मुंबई-पुण्यात मार्च 2022 पासून प्रशासक होते. कोल्हापूर, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवलीत तर 2020 पासून. एवढ्या काळात आमच्या इमारतीतली पोरं शाळेतून कॉलेजात गेली, पण निवडून आलेला नगरसेवक त्यांनी पाहिलेला नाही. ('भावी' मात्र दर चौकात पाहिले.)

सध्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज फोटो येतात. माननीय झाडू मारताना, माननीय झाड लावताना, एका झाडाभोवती अकरा माणसं. त्यांची टिंगल करायला हा धागा नाही, त्याला दुसरे धागे आहेत. मला ऐकायचंय ते वस्तीतल्या अशा एखाद्या कामाबद्दल, जे नगरसेवकाने लोकांना बरोबर घेऊन केलं, ज्याचा फोटो निघाला नाही आणि जे आजही चालू आहे. किंवा कशामुळे बंद पडलं, तेही चालेल.

पक्षाचं नाव नको. सध्याच्या कुणाचंही नाव नको. 'सगळे सारखेच' एवढंच लिहायचं असेल तर तेही नको, ते आम्हाला पाठ आहे. काम कुणी मागितलं, कुठे अडलं, कसं सुटलं, ते लिहा.

सिंहगड रस्ता, पुणे

25 जुलै 2024. खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, वरून पाऊस, आणि एकतानगरीत पाणी शिरलं. शेवटी लष्कराच्या बोटी आल्या, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. माझी बहीण तिथे राहते, म्हणून मी सकाळीच पोचलो होतो.

तेव्हा कायद्याने नगरसेवक कुणीच नव्हता. तरी एक माजी तिथे उभे होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली आणि हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली शंभर पानी वही. वहीत इमारतवार नोंदी: तळमजल्यावर कोण, अंथरुणावर कोण, डायलिसिसला कोण जातं, कुणाकडे ऑक्सिजनचं मशीन आहे. बोटवाल्यांना ते घर सांगत होते, माणूस सांगत होते.

मी नंतर विचारलं, ही वही कधी केली? म्हणाले, 25 सप्टेंबर 2019 ला आंबिल ओढ्याला पूर आला त्यानंतर. त्या रात्री मदतीला गेलो, आणि कुठलं दार आधी वाजवायचं तेच कळेना. वही ताजी ठेवायचं काम त्यांनी कार्यकर्त्यांवर सोडलं नव्हतं, किराणावाला आणि औषधवाला या दोघांवर सोपवलं होतं. कुणाच्या घरी काय चालू आहे हे त्या दोघांना घरच्यांच्या आधी कळतं.

निवृत्त कनिष्ठ अभियंता (महापालिका कुठली ते राहू द्या)

नगरसेवक मला आदेश देऊ शकत नव्हता, हे लोकांना आजही पटत नाही. अंमलबजावणी आयुक्तांची. नगरसेवकाच्या हातात सभागृह असतं, समित्या असतात, आणि अंदाजपत्रकात त्याने सुचवलेली कामं असतात. पुण्यात त्याला 'स' यादी म्हणतात. वर्षाच्या मध्ये एका कामाचे पैसे दुसरीकडे वळवले की त्याला वर्गीकरण म्हणतात. तुमच्या गल्लीच्या ड्रेनेजचे पैसे कुठे गेले असं वाटलं तर आधी वर्गीकरणाचे ठराव काढा.

लोक कधी येतात? मे महिन्यात, आभाळ भरून आलं की. तेव्हा फक्त नाला उपसता येतो, पाइप बदलता येत नाही. पाइपाचं पूर्वगणनपत्रक (म्हणजे खर्चाचं एस्टिमेट), तांत्रिक मान्यता, निविदा यात महिने जातात. आयुक्त साधारण जानेवारी-फेब्रुवारीत अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात, म्हणजे काम ऑक्टोबरच्या सुमारास आमच्या टेबलावर हवं. पुण्यात 2006 पासून नागरिकांना स्वतःच क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून कामं सुचवता येतात, त्याची मुदत साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असते. गणपतीच्या गडबडीत ती निघून जाते.

आमच्याकडे एक नगरसेविका होत्या. पावसाळ्यात ज्या ज्या घरात पाणी शिरेल तिथे भिंतीवर पाण्याची रेघ ऑइलपेंटने मारून तारीख घालून ठेवा, असं त्यांनी वस्तीला सांगितलं होतं. बायकांनी मारल्या रेघा, काहींनी नेलपॉलिशने. ऑक्टोबरमध्ये बाई आम्हाला घेऊन घरोघर फिरल्या. आम्हाला लेव्हल घ्यायला त्या रेघांसारखं दुसरं काही नव्हतं, आणि 'दरवर्षीचीच तक्रार' असं म्हणायची सोयच राहिली नाही. 300 मिलिमीटरच्या जागी 600 चा पाइप मंजूर झाला. उद्घाटन झालं नाही, कारण पाइप जमिनीखाली गेला. नारळ कशावर फोडणार?

सदाशिव पेठी (राहायला आता दुसरीकडे)

आमच्या कोपऱ्यावर चार बाकडी आहेत. चारही भिंतीकडे तोंड करून. प्रत्येकाच्या पाठीवर 'यांच्या संकल्पनेतून' लिहिलंय. भिंतीकडे बघत बसायची संकल्पना नक्की कुणाची, एवढं कळलं तर बरं होईल. धाग्याच्या अटीत बसत नसेल तर काढून टाका.

माजी नगरसेविका, नगरपरिषद, मराठवाडा

मी स्वतःच लिहिते, चालेल ना? 2011 मध्ये महिलांना पन्नास टक्के आरक्षण आलं, त्यानंतरच्या निवडणुकीत आमचा वॉर्ड महिलांसाठी निघाला म्हणून घरच्यांनी मला उभं केलं. निवडून आल्यावर सत्कार मालकांचा झाला. लोक त्यांनाच 'नगरसेवक' म्हणायचे. मी सहीपुरती.

पहिलं वर्ष असंच गेलं. मग वॉर्डातल्या सार्वजनिक संडासाच्या दुरुस्तीचं काम निघालं. प्रस्ताव मालकांनी आणि ठेकेदाराने बसून केला: नवीन फरश्या, रंग, कमान, कमानीवर नाव. मला सही करायला दिला. मी म्हटलं, दोन दिवस थांबा. सकाळी साडेपाचला मी जाऊन त्या रांगेत उभी राहिले. बायका आधी बिचकल्या. मग एकेक बोलायला लागली.

कुणी फरशी मागितली नाही. आतून कडी लागत नाही, म्हणून एकीने आत जायचं आणि दुसरीने दार धरायचं. दिवा नाही. पदर, ओढणी, पिशवी अडकवायला खुंटी नाही, सगळं दातात धरायचं. बादली भरायचा नळ बाहेर, पुरुषांच्या बाजूला. पाळीच्या दिवसांत टाकायला डबा नाही. आणि एक म्हातारी म्हणाली, उठताना धरायला भिंतीला काहीतरी लावा गं, माझे गुडघे गेले.

मी ते सगळं वहीच्या पानावर लिहून सभेत वाचलं. कडी म्हटल्यावर दोघे-तिघे हसले. 'ताई, हे विषय सभागृहात नसतात.' मी म्हटलं, मग कुठे असतात? मुख्याधिकारी तरुण होते, त्यांनी कागद मागून घेतला. कमान रद्द झाली, तिच्या पैशात कड्या, दिवे, खुंट्या, धरायचे नळकांडे आणि आतला नळ बसला. कड्या लोखंडी बसवल्या तर वर्षात गंजतात, म्हणून स्टीलच्या बसवून घेतल्या. ठेकेदार कुरकुरला, पण बायका स्वतः उभ्या राहून स्क्रू मोजत होत्या.

पुढच्या वेळी सोडतीत आरक्षण बदललं, तिकीट गेलं. पण दिवा गेला की आजही फोन मलाच येतो. मालकांना येत नाही.

घाटकोपर पूर्व

वरच्या ताई, तुमचा कागद छापून आमच्या नगरसेवकाला देणार आहे.

आमच्याकडच्या जोशी लेनमधून नव्वदच्या दशकात एएलएमची (अॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) सुरुवात झाली, म्हणजे गल्लीने एकत्र येऊन ओला-सुका कचरा वेगळा करायचा, गल्ली स्वतः सांभाळायची आणि महापालिकेने साथ द्यायची. पुढे पालिकेने ही पद्धत मुंबईभर नेली. माझं माहेर तिथून जवळच. आमच्या गल्लीचा गट दोनदा मेला आणि दोनदा उठला. मेला तो दोन्ही वेळा एकाच कारणाने. कचरा आम्ही वेगळा करायचो आणि गाडीवाला एकत्र टाकायचा. उठला तेव्हा नगरसेवकाने एवढंच केलं की बैठकीला मुकादमाला आणि गाडीच्या ड्रायव्हरला बोलावलं, त्यांना खुर्च्या दिल्या आणि आधी त्यांना बोलू दिलं. ड्रायव्हर म्हणाला, तुमच्या गल्लीत दुहेरी पार्किंग असतं, गाडी वळत नाही, मागे हॉर्न वाजतात, मग हाताला येईल ते टाकतो. पार्किंगचं आम्ही बघितलं, कचऱ्याचं त्याने.

जुहूचं कुणी आहे का इथे?

2007 मध्ये तिथल्या नागरिकांनी स्वतःचा उमेदवार उभा करून अॅडॉल्फ डिसूझा यांना अपक्ष निवडून आणलं होतं. आम्ही तेव्हा अंधेरीत राहायचो, फार कौतुक होतं त्याचं. नंतर बऱ्याच ठिकाणी तसे प्रयत्न झाले, पण मतं चार इमारतींच्या बाहेर गेली नाहीत. मला कारण हेच वाटतं की फुटपाथवरचा आणि मागच्या झोपडपट्टीतला माणूस त्या बैठकांना नसायचा. सोसायट्यांना फेरीवाले हटवायचे असतात, आणि मतदार यादीत फेरीवालेही असतात.

कोल्हापूर

आमच्याकडं नगरसेवक तालमीतनं येतोय बगा. तालीम हेच हापिस. संध्याकाळी कट्ट्यावर बसला की पेठ येऊन बोलतीय, अर्ज-बिर्ज काय नाय. महापुरात, 2019 ला, जेवणं तालमीतच शिजली. वाईट एवढंच, की दुसऱ्या तालमीच्या गल्लीतला दिवा मग चार महिनं लागत नाही.

चार सदस्यांच्या प्रभागातून

मुंबईकरांनो, तुमचं बरं आहे. 227 वॉर्ड, वॉर्डाला एक माणूस. बाकी 28 महापालिकांत बहुसदस्य प्रभाग. आमच्याकडे चार आहेत: अ, ब, क, ड अशा चार जागांचे. खड्ड्याबद्दल 'अ' ला फोन केला, त्याने 'क' चा भाग सांगितला. 'क' च्या मिस्टरांनी फोन घेतला (मराठवाड्याच्या ताई, तुम्हाला नमस्कार) आणि 'ड' कडे पाठवलं. कायद्यात अ, ब, क, ड यांचे रस्ते वाटून दिलेले नाहीत, चौघेही पूर्ण प्रभागाचे आहेत. आता आम्ही चौघांना एकाच ग्रुपमध्ये घेऊन फोटो टाकतो. कोण आधी 'बघतो' म्हणतं याची त्यांच्यातच शर्यत लागते, विशेषतः चौघे एका पक्षाचे नसतील तर.

इंदूर

इथे पार्षद म्हणतात. 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर, म्हणून पाहुणे आले की अभिमानाने सराफा (रात्रीचा खाऊबाजार) दाखवतो. आमच्या पार्षदाचं खरं काम पहिल्या काही महिन्यांचं. कचरागाडीच्या मागे रोज सकाळी स्वतः चालायचे, आणि जो न वेगळा करता देईल त्याची बादली हसत परत करायचे. माझ्या सासूबाईंची परत केली होती. महाराष्ट्र समाजात चर्चा झाली.

इंग्लंडहून

भारतीय पासपोर्टवर इथे स्थानिक निवडणुकीत मत देता येतं हे मला इथे येऊन वर्षभराने शेजारणीने सांगितलं. राष्ट्रकुल देशांतल्या रहिवाशांना तो हक्क आहे. पुणेकर, नाव नोंदवा रे.

आमचे काउन्सिलर ठरलेल्या शनिवारी वाचनालयात एक टेबल टाकून बसतात. मी मुलांच्या शाळेसमोर झेब्रा क्रॉसिंग मागायला गेले. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: नाही. पण सोबत गाड्यांची आणि पादचाऱ्यांची मोजणी, नियमात किती लागते, आणि त्याऐवजी काय करता येईल (शाळेच्या वेळेत रस्ता ओलांडून देणारा माणूस, ठळक पाटी) हे सगळं दोन पानांत. नकार मिळाला, पण का मिळाला ते कळलं, म्हणून पालकांनी पुढच्या सत्रात स्वतः मोजणी करून परत अर्ज केलाय. निकाल यायचाय.

धागाकर्ती

वा. मला वाटलं होतं बागा आणि ओपन जिम येतील, आल्या कड्या, रेघा आणि वही. आता एक विचारते. 2009 पासून आपल्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे: नगरसेवकाने मतदारांची सभा बोलवायची, त्यात कामं सुचवायची, हिशोब विचारायचा. ग्रामसभेचा शहरी भाऊ. खरोखरच्या क्षेत्रसभेला कुणी बसलंय का इथे?

उपनगर (आमचाही प्रभाग चार सदस्यांचा, पण शहर दुसरं)

बसलोय. शाळेच्या हॉलमध्ये, पाचवीच्या बाकांवर, गुडघे हनुवटीला लावून. नगरसेवकाची इच्छा चांगली होती. विषयपत्रिकेवर पाच विषय: ड्रेनेज, पाण्याची वेळ, भटकी कुत्री, दवाखान्यातला डॉक्टर, इतर.

पाऊण तास कुत्री. खायला घालणारे एका बाजूला, चावा घेतलेले दुसऱ्या. एका आजोबांनी पँट वर करून जखम दाखवली, समोरच्या ताईंनी नसबंदी करून आणलेल्या कुत्र्यांचे फोटो दाखवले. ड्रेनेजला दहा मिनिटं. पाण्याचा विषय आला तेव्हा पाणी यायची वेळ झाली म्हणून निम्मा हॉल उठून घरी गेला.

तरी एक चांगलं झालं. हॉलमधल्या एका मुलीने, अकरावी-बारावीची असेल, सगळं फळ्यावर लिहून घेतलं: विषय, कोण करणार, कधीपर्यंत. नगरसेवकाने खाली सही केली, फळ्याचा फोटो ग्रुपवर गेला. दुसऱ्या सभेला सुरुवात तो फोटो दाखवून झाली. फळ्यावरच्या आठ कामांपैकी तीन झालेली, दोन अर्धी, तीन नाही. नाही झालेल्यांपुढे अभियंत्याने कारण लिहिलं. डॉक्टर मात्र आला, आठवड्यातून दोनदा.

पुढची सभा ठरली आहे. नगरसेवकाकडे आमची लेखी मागणी एकच आहे: कुत्री पाचव्या क्रमांकावर घ्या, आणि सभा पाण्याच्या वेळेला ठेवू नका.