जुरासिकचा सातवा भाग : डायनासोर भरपूर, भीती कुठंय?

गिरणाकाठचा
काल 'रावेरची केळी' यांनी लिहिलं, "रिबर्थ हा 1993 नंतरचा सगळ्यात भारी जुरासिक. ज्यांना आवडला नाही त्यांचं वय झालं, एवढंच." दोन ओळींत निकाल लावून मोकळे. रिबर्थ म्हणजे 2025 चा 'जुरासिक वर्ल्ड : रिबर्थ', 1993 च्या 'जुरासिक पार्क'पासून मोजला तर सातवा. मला दोन ओळींत जमणार नाही, म्हणून वेगळा धागा.

सिनेमा सुरू होतो तेव्हा लोकांना डायनासोरचा कंटाळा आलेला आहे. हे मी म्हणत नाही, सिनेमाच म्हणतो. न्यूयॉर्कच्या रस्त्यात एक आजारी डायनासोर पडलाय आणि लोक ट्रॅफिक अडला म्हणून वैतागलेत. बरं, छान. मग पुढे गवतात लांब मानेचे टायटॅनोसोर दिसले की शास्त्रज्ञ झालेल्या जोनाथन बेलीच्या डोळ्यांत पाणी, मागे जॉन विल्यम्सची जुनी धून, आणि आम्हीही गहिवरायचं? 1993 मध्ये ब्रॅकिओसोर दिसला तेव्हा पडद्यावरच्या माणसांनीही तो पहिल्यांदाच पाहिला होता. डेव्हिड केपनेच तोही लिहिला होता आणि हाही, म्हणून जास्त राग येतो.

दुसरं, वाट पाहायला लावणं. पहिल्या भागात टी-रेक्स यायला तास जातो. दोन तासांच्या सिनेमात सगळे डायनासोर मिळून साधारण पंधरा मिनिटं, त्यात कॉम्प्युटरचे तर सहाच्या आसपास. बाकी स्टॅन विन्स्टनचं रबर आणि यंत्रं. ग्लासातलं पाणी थरथरलं, बस, आपण खुर्चीत आक्रसलो. इथं दर दहा मिनिटांनी पाण्यातून, झाडीतून, आभाळातून काहीतरी येतंच. आणि शेवटी तो सहा हातापायांचा डिस्टॉर्टस, भरीत जमलं नाही म्हणून वरून पनीर घातल्यासारखा. तो सुटतो कशामुळे, तर चॉकलेटचा कागद दाराच्या यंत्रात गेला म्हणून! जनुकं जोडणाऱ्या कंपनीला कचरापेटी परवडली नाही.

आणि ते शिडाच्या होडीतलं कुटुंब. बाप, दोन मुली, मोठीचा आळशी मित्र. सगळे काढून टाका, कथेचा एक खिळा ढिला होत नाही.

रावेरची केळी
भाऊ, माझ्या दोन ओळींवर एवढं मोठं? मानाचं वाटलं.

1993 चा म्हणजे देवघरातला टाक झालाय तुमच्या पिढीला, हात लावायचा नाही. टी-रेक्स ज्या कुंपणातून सपाटीवर चालत बाहेर येतो, पाच मिनिटांनी तिथंच गाडी खोल दरीत कोसळते. दरी आली कुठून? व्हेलोसिरॅप्टर खरा टर्कीएवढा, सिनेमात माणसाएवढा. तेव्हा चाललं, आता चॉकलेटचा कागद चालत नाही.

आणि तुलना कशाशी करताय? मधले भाग विसरलात का? 2022 च्या डोमिनियनमध्ये जुरासिकच्या नावावर टोळधाड दाखवली होती. टोळ! तिकीट काढून टोळ बघायला मी काय कृषी सहायक आहे?

गॅरेथ एडवर्ड्सनं हा थायलंडच्या खऱ्या जंगलात, खऱ्या फिल्मवर चित्रित केलाय. आणि तराफ्याचा प्रसंग घ्या. टी-रेक्स झोपलाय, पोरगी शेजारून तराफा ओढतेय, कोणी श्वास घेत नाही. वाट पाहायला लावणं ते हेच ना? की पाण्याचा ग्लास असला तरच मोजायचं? आणि हा प्रसंग कोणाचा? तुम्ही काढून टाकायला निघालात त्या कुटुंबाचा.

भुसावळ जंक्शन
तुम्ही दोघं भांडा, माझं दुखणं वेगळं. आमच्याकडे सगळे शो हिंदी, इंग्रजी एकच, तोही रात्री साडेदहाला. मध्यंतर मोसासोरनं होडीला धडक दिली तिथंच कापलं. पॉपकॉर्नच्या पैशांत घरी शेंगदाण्याची गोणी आली असती.

1994 ला हिंदी जुरासिक आला, तो मी अमळनेरच्या यात्रेत पाहिला, बोरीच्या पात्रात तंबू ठोकून. पडद्याच्या मागं बसलेल्यांना तिकीट कमी, त्यांचा टी-रेक्स उलट्या बाजूनं यायचा. कर्णा फाटका होता. डरकाळी आली की जनरेटर बंद पडला की काय असं वाटायचं. बाहेर आलो तर वाळूत प्रत्येक खड्डा पावलाचा ठसा वाटत होता. आता डॉल्बीत बसून तसं काही होत नाही.

रावेरची केळी
म्हणजे भीती जनरेटरची होती.

गिरणाकाठचा
त्या डरकाळीत हत्तीच्या पिल्लाचा आवाज आहे, वाघाचा आहे, मगरीचा आहे. गॅरी रायडस्ट्रॉमनं मिसळलेली. फाटक्या कर्ण्यातूनही पोचली, यालाच काम म्हणतात. नव्या भागातला एक आवाज आठवून सांगा.

नंदुरबारी मिरची
मी औषधांच्या दुकानात बसते, त्यामुळे मला डायनासोरपेक्षा औषध जास्त टोचलं. हृदयविकाराच्या औषधासाठी सगळ्यात मोठ्या तीन प्राण्यांचं रक्त हवं, तेही जिवंतपणीच काढलेलं. का? हेच प्राणी प्रयोगशाळेत तयार केले ना? मग पेशी प्रयोगशाळेत वाढवता येत नाहीत? त्यासाठी भाडोत्री सैनिक, बोट आणि स्कार्लेट जोहान्सन? शेवटी औषध जगाला मोकळं करायचं असं ठरतं, तेव्हा मी थेटरात एकटीच हसले. पेटंटचं एक पान वाचलेला माणूस असं लिहिणार नाही.

आणि तीन "डायनासोर" म्हणून फिरताय तर सांगते, त्यातले दोन डायनासोरच नाहीत. माझ्या लेकीनं थेटरात मोठ्यांदा सांगितलं, पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी वळून पाहिलं. तिला मात्र ती पाठीवरच्या पिशवीत बसणारी छोटी डायनासोर डोलोरेस फार आवडली. पाळायची म्हणते.

मास्तर अमळनेर
मुलीचं बरोबर आहे. मोसासोर हा घोरपडी-सापांच्या जवळचा समुद्री सरपटणारा प्राणी, क्वेट्झलकोॲटलस उडणारा टेरोसॉर. राहिला टायटॅनोसोर, आणि तोच आपला. लायडेकर नावाच्या इंग्रज भूवैज्ञानिकानं 1877 मध्ये हे नाव दिलं ते जबलपूरच्या हाडांवरून. धार जिल्ह्यात, म्हणजे नर्मदेपलीकडं, टायटॅनोसोरांची 92 घरटी आणि 256 अंडी नोंदवली गेली, 2023 मध्ये शोधनिबंध आला. त्याच जिल्ह्यातल्या पाडल्या गावात लोक असली गोल अंडी काकड भैरव म्हणून पुजत होते, शेताचं नि गुरांचं रक्षण करतो म्हणून. राजासॉरस गुजरातेतल्या हाडांवरून 2003 मध्ये जाहीर झाला, मांसाहारी, डोक्यावर शिंगासारखा उंचवटा. एवढं शेजारी असताना आमची मुलं अमेरिकेचा टी-रेक्स पाठ करतात. पाठ्यपुस्तकात राजासॉरसला एक ओळ मिळत नाही. मी शाळेत असताना हे दर वर्षी मांडलं, दर वर्षी चहा पिऊन सभा संपली.

शेवभाजी
मास्तर, एक इचारू का? तिकडे धारमा अंडा सापडतस, मंग आपला खान्देशमा का बरं सापडत नही? आपला नशिबमा दगडच शे का?

मास्तर अमळनेर
दगडच आहे. बेसॉल्ट. ज्वालामुखीचा रस एकावर एक थरांनी पसरला, दख्खनचे सोपान, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर, त्यातूनच झाले. आजही पाच लाख चौरस किलोमीटर भाग त्याखाली आहे. उकळत्या रसात हाड टिकत नाही. जीवाश्म मिळाले तर रसाखालच्या गाळात, नाहीतर दोन थरांमधल्या गाळात.

खडी क्रशर, धुळे
आता आमच्या धंद्यावर आलात म्हणून बोलतो. बापाच्या काळापासून खाण आहे. सुरुंग लावले, डोंगर खाली आणला, हाड कधीच नाही. पोकळीत स्फटिक निघतात, पांढरे, हिरवट. जळगावकडचे व्यापारी येऊन घेऊन जातात, झिओलाइट म्हणतात, परदेशात कपाटात ठेवतात. पण मूळ गोष्ट कोणी बोलत नाही. डायनासोर मेले ते आमच्या या दगडानं. एवढा धूर, एवढा गंधक. अन् सिनेमावाले सदानकदा आकाशातून पडलेला धोंडा दाखवतात.

मास्तर अमळनेर
धोंड्याला पुरावा आहे. अल्वारेझ या शास्त्रज्ञ बापलेकांनी 1980 मध्ये इरिडियमचा, म्हणजे जमिनीत दुर्मिळ पण आकाशातल्या धोंड्यांत भरपूर असलेल्या धातूचा, थर दाखवला, नंतर मेक्सिकोत चिक्सुलुबचं विवर सापडलं. दख्खनचा उद्रेक त्याच सुमाराला, 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या आगेमागे चालू होता हे खरं. त्यानं हवामान बिघडवलं असेल, पण मुख्य घाव धोंड्याचा, असं बहुतेक जण मानतात.

खडी क्रशर, धुळे
बहुतेक. म्हणजे सगळे नाहीत. गेर्टा केलर नावाच्या बाईंनी वर्षानुवर्षं ज्वालामुखीची बाजू लावून धरली, तेही वाचलंय. क्रशरवाला म्हणजे अडाणी असं समजू नका.

आमच्या साक्री-नंदुरबार पट्ट्यात जमिनीतून काळ्या दगडाच्या सरळ भिंती गेल्यात कोसच्या कोस, रस वर येताना भेगेत थिजलेला. माझ्या वडिलांची विहीर भिंतीच्या अलीकडं, कोरडी. चुलत्याची पलीकडं, मार्चमध्येही मोटर चालते. यावरून दोन घरं बोलत नव्हती. आम्हाला तो दगड पुस्तकातून कळलेला नाही.

मास्तर अमळनेर
रोज दगड फोडला म्हणून दगडाचं वय कळत नाही.

खडी क्रशर, धुळे
अन् रोज खडू झिजवला म्हणून पाणी लागत नाही. विहिरीची जागा दाखवायला मास्तर कधी आला नाही आमच्याकडं.

भुसावळ जंक्शन
मास्तर, ते वयाचं वाक्य नको होतं. खडीवाले साहेब, तुम्हीही जरा दमानं.

नंदुरबारी मिरची
भिंतीचं आमच्याकडंही तसंच आहे. पाणी अडतं तिथं मिरची, नाही अडत तिथं ज्वारी. मास्तर, हे शाळेत शिकवा, राजासॉरस नंतर.

रावेरची केळी
मी इथं जुरासिकवर भांडायला आलो होतो. आता विहीर खणायची का?

गिरणाकाठचा
तराफ्यावर बोलायचं राहिलं. प्रसंग चांगला आहे, पण तोही उसना. क्रायटनच्या 1990 च्या मूळ कादंबरीत नदीतला टी-रेक्स आहेच, पहिल्या सिनेमात राहून गेला होता. पस्तीस वर्षं जुन्या पुस्तकातून आणल्यावर नव्या भागात जीव आला. त्याचं श्रेय रिबर्थला द्यायचं असेल तर द्या.

रावेरची केळी
म्हणजे प्रसंग भारी आहे हे मान्य. लिहून ठेवतो.

गिरणाकाठचा
तेवढी मिनिटं मान्य. टोळांपेक्षा बरा हेही मान्य. सव्वादोन तासांचं तिकीट घेतलं होतं, बाकीच्याचा हिशेब कोण देणार? आणि भाऊ, प्राण्यांचा कंटाळा आलाय असं तुमचाच सिनेमा कबूल करतो, त्यावर तुम्ही अजून एक शब्द बोललेला नाहीत.

रावेरची केळी
कंटाळा गावातल्यांना आलाय, बेटावर गेलेल्यांना नाही. बेली बिचारा संग्रहालयात हाडं पुसणारा, त्यानं जिवंत टायटॅनोसोर पहिल्यांदा पाहिला, म्हणून रडला. तुम्ही त्या वेळी मोबाईल बघत होतात का?

गिरणाकाठचा
मी घड्याळ बघत होतो.

खडी क्रशर, धुळे
यांना खरंच सिनेमा काढायचा असेल तर दख्खनचा काढा. एकीकडं राजासॉरस, दुसरीकडं जमीन फाटून रस वर येतोय. राक्षस बनवायला प्रयोगशाळा लागत नाही.

मास्तर अमळनेर
याला माझी हरकत नाही. शेवटी धोंडा पडला पाहिजे, एवढी अट.

खडी क्रशर, धुळे
बघा, सोडत नाहीत.

शेवभाजी
बठ्ठं समजनं. आते मले एवढंच सांगा, पिच्चर देखाले जाऊ का नको?

रावेरची केळी
जा. थ्रीडीचा आग्रह धरू नका.

गिरणाकाठचा
जा, तराफा संपला की निघून या.

नंदुरबारी मिरची
मुलं असतील तर न्या, डोलोरेस शेवटपर्यंत आहे. औषधाबद्दल विचारलं तर मात्र उत्तर तुम्हीच शोधा.

भुसावळ जंक्शन
आमच्याकडे हिंदीच चालू आहे, रात्री साडेदहाचा. इंग्रजी उतरला.