मदत हवी आहे: लुपरकॅलियातल्या चिठ्ठ्यांना जुना आधार आहे का?

नमस्कार मंडळी. कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी व्हॅलेंटाइन डेच्या रोमन मुळांवर लिहितेय आणि एका मुद्द्यावर अडलेय.

प्राचीन रोममध्ये १५ फेब्रुवारीला लुपरकॅलिया नावाचा सण असायचा. लांडगिणीने रोम्युलस-रेमसला (रोमच्या स्थापनेच्या दंतकथेतले जुळे भाऊ) जिथे दूध पाजलं असं मानत, त्या पॅलाटाइन टेकडीजवळच्या गुहेपाशी बोकड आणि कुत्रा बळी देत. मग जवळजवळ उघडे तरुण बोकडाच्या कातड्याच्या वाद्यांनी वाटेतल्यांना फटके मारत धावत सुटायचे. बायका आपणहून हात पुढे करायच्या. त्या फटक्याने कूस उजवते, बाळंतपण सुखरूप होतं अशी श्रद्धा. प्लुटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाने हे लिहून ठेवलंय. मला यात प्रेमापेक्षा मुलाची आसच जास्त दिसते.

पण मडक्यातून मुलींच्या नावांच्या चिठ्ठ्या काढून जोड्या जमवायचे, ही सगळीकडे फिरणारी गोष्ट प्लुटार्कच्या वर्णनात नाही. व्हॅलेंटाइनचा दिवस आणि प्रेम यांची सांगड तर १४व्या शतकात चॉसर या इंग्रज कवीच्या कवितेत दिसते.

इथे कुणी लॅटिन शिकलंय का? चिठ्ठ्यांचा एखादा प्राचीन उल्लेख माहीत असेल तर ग्रंथ आणि प्रकरणासकट सांगा ना. नसेल तर तो परिच्छेद मी काढून टाकते. शनिवारी मजकूर द्यायचाय.